फाटकाबाहेरचा बाक

नानासाहेबांनी कागद हातात घेतला आणि माझ्या आईचं नाव मनातल्या मनात वाचलं. बाकीची नावं त्यांनी मोठ्याने वाचली होती.

"हे तुमच्या माहेरचं आडनाव?"

"हो."

"अच्छा. वाटलं नव्हतं."

सोसायटीच्या हॉलमध्ये बारा-पंधरा माणसं होती. एकदम सगळ्यांना आपापल्या चपला बघाव्याशा वाटल्या. मग सुलभाताई, आमच्या समितीच्या सचिव, माझं सांत्वन केल्यासारखं बोलल्या, "पण तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!"

नातवंडांनो, हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण मला हे मराठीत ऐकवलं गेलं. तुम्हीही मराठीतच वाचा. हळूहळू वाचा.

तुमचं आणि माझं आताचं आडनाव आजोबांच्या गावावरून पडलं आहे. त्यावरून जात कळत नाही. माझ्या माहेरच्या आडनावावरून कळते. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, नीट साड्या नेसते, बैठकीला वेळेवर जाते. त्यावरून या लोकांनी मला परस्पर आपल्यातली ठरवून टाकलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी कधी लपवलं नव्हतं. अंदाज त्यांचा चुकला आणि राग माझ्यावर आला.

समिती होती पायवाटेची. आमच्या सोसायटीमागून कालवा जातो. त्याच्या कडेने चालायला आणि सायकल चालवायला एक चांगली वाट करायची, आमच्या गेटपासून पलीकडच्या सफाई कामगारांच्या वसाहतीपर्यंत. काही पैसा महापालिका देणार होती. मोठा वाटा एका कंपनीकडून यायचा होता. त्या कंपनीला पाठवायचा इंग्रजी अर्ज मी लिहिला. "मॅडम, पैसे तुमच्या इंग्रजीवरच मिळणार," असं आमचे अध्यक्ष नानासाहेब तेव्हा दर बैठकीत म्हणायचे. अर्जात मी लिहिलं होतं की ही वाट सर्वांना, सर्व वेळ खुली राहील. ते वाक्य त्यांना फार आवडलं होतं.

उरलेला पैसा स्मरणार्थ बाकांमधून उभा करायचा होता. पुण्यात हे फार चालतं. वडिलांच्या नावाचा बाक, त्यावर पदवी, हुद्दा, सगळं. माणूस जाऊन वीस वर्षं झाली तरी दगडावर 'निवृत्त अधीक्षक अभियंता'. त्या दिवशी अशीच नावं वाचली गेली. एक बाक ब्रूनोच्या नावाचा होता. ब्रूनो म्हणजे सुलभाताईंचा गेलेला कुत्रा. त्याच्यापुढे त्यांचं आडनाव लावलेलं होतं. सगळे "आई गं" म्हणाले आणि ब्रूनोला शिरीषाच्या सावलीतली जागा मिळाली.

त्यानंतर माझा कागद निघाला.

"असं करू," नानासाहेब म्हणाले. "नुसतं 'मातोश्री ठकूबाई' घालू. गोड दिसेल. आडनावाचा आग्रह कशाला? आता कोण मानतं हे सगळं?"

"कुत्र्याचं घातलंत," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही.

"आणि बाक त्या टोकाला घेऊ, वसाहतीजवळ. तुमच्या लोकांना जवळ पडेल."

तुमच्या लोकांना. अर्ध्या तासापूर्वी मी 'आपल्या मॅडम' होते.

त्या टोकाचा नकाशा भिंतीवर लावला होता. वसाहतीच्या अलीकडे एक जाड रेघ होती. मी विचारलं, हे काय? फाटक, ते म्हणाले. लोखंडी. सोसायटीच्या लोकांना कार्ड मिळणार. सुरक्षिततेसाठी.

"बाक फाटकाच्या आत की बाहेर?"

"बाहेर. म्हणजे कुणालाही केव्हाही बसता येईल ना."

माझी आई महापालिकेत झाडूवाली होती. नारायण पेठेतला एक बोळ तिच्याकडे होता. शाळेला सुटी असली की मी तिच्याबरोबर जायची. ती बोळ झाडून टोकाला पोचली की वरच्या मजल्यावरची एक बाई सज्ज्यातून केर खाली ओतायची. आधी नाही. झाडून झाल्यावर. मग वरूनच ओरडायची, "अगं ए, इथं राहिलंय बघ." आई मागे यायची. पुन्हा झाडायची. मी एकदा म्हटलं, तू सांगत का नाहीस? ती म्हणाली, "सांगू कुणाला? तिला माझं नावबी ठाऊक न्हाई." त्या बोळात ती म्हातारी होईपर्यंत 'अगं ए' होती. तिच्या पगारातून मी मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. तिचं पूर्ण नाव दगडावर कोरलेलं असावं आणि त्या दगडाला टेकून लोकांनी बसावं, एवढंच मला हवं होतं.

मी कागद परत घेतला. उठले. दारापर्यंत गेले तर मागून नानासाहेब म्हणाले, "कंपनीची माणसं येतायत पुढच्या आठवड्यात. भाषण मात्र तुम्हीच करायचं हं."

त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. माझी आई फाटकाबाहेर आणि माझं इंग्रजी आत.

मी म्हणाले, "करते."

तुम्हाला वाटेल आजी रडली असेल. आजीने साडीला इस्त्री केली.

कंपनीकडून एक तरुण अधिकारी बाई आल्या होत्या, बरोबर महापालिकेचे इंजिनिअर. चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. सुलभाताईंनी गुच्छ दिला, नानासाहेबांनी माझी ओळख करून दिली. मी म्हणाले, उभ्याने भाषण कशाला, चालत चालत बोलू. त्यांना शिरीषाखालची ब्रूनोची जागा दाखवली. बाई हसल्या. मग त्यांना थेट शेवटपर्यंत नेलं. तिथे फाटकाच्या खांबांसाठी दोन खड्डे खणून ठेवलेले होते.

तिथे मी माझं चांगलं, शुद्ध इंग्रजी काढलं. सांगितलं, या खड्ड्यांत फाटक बसणार आहे. अर्जात ते नाही. अर्ज मी लिहिलाय, म्हणून मला माहीत आहे. जे लोक हे शहर झाडतात त्यांना ही वाट बंद राहणार. त्यातल्याच एका बाईच्या नावाचा बाक फाटकापलीकडे, आडनाव काढून. तिची मुलगी मी.

अधिकारी बाईंनी नानासाहेबांना विचारलं, हे खरं आहे का?

"मॅडम जरा भावनाप्रधान आहेत," ते म्हणाले.

त्या बाईंनी खड्ड्यांचे फोटो काढले. पैसे तूर्त थांबवले. अर्ज नव्याने करा, त्याला दोन्ही टोकांच्या रहिवाशांची लेखी संमती जोडा, म्हणाल्या. नानासाहेबांचा चेहरा त्या चुन्यासारखा झाला. मी तो डोळे भरून पाहिला. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं.

पण त्याच संध्याकाळी वसाहतीतली लता घरी आली. ती सफाई खात्यात मुकादम आहे. खुर्चीवर टेकलीसुद्धा नाही.

"बाई, तुमी त्यांची जिरवली, झकास झालं. पन आमची पोरं मेन रोडनं सायकली घालत्यात, ट्रकच्या मधनं. तुमच्या सूडात आमचा रस्ता गेला म्हना की."

ती बरोबर बोलत होती. त्यांची वाट बुडवून माझा सूड पुरा होणार नव्हता. सूड घ्यायचा तर वाट करून घ्यायला हवी होती.

नवा अर्ज आम्ही लताच्या घरी लिहिला, वसाहतीतल्या बायकांच्या बचत गटाच्या नावाने. वाट वसाहतीपासून सुरू होऊन आमच्या सोसायटीपाशी संपेल. फाटक कुठेही नाही. स्मरणार्थ बाक नाहीत, बाक साधे, कुणाच्याही नावाविना. आणि वाटेला नाव एकच. माझ्या आईचं, पूर्ण, आडनावासकट. ते लताने सुचवलं. ती म्हणाली, "बाकावर नाव घातलं तर त्यावर बूड टेकवतील. रस्त्याला घाला. पत्ता सांगताना तोंडानं घ्यावं लागंल."

परवा नानासाहेब आणि सुलभाताई माझ्याकडे आले. मिठाईचा पुडा घेऊन.

"सगळ्यांसमोर नाचक्की केलीत हो. घरातलं घरात बोलायचं असतं," सुलभाताई म्हणाल्या.

"माझ्या आईला घरात घेतलं असतंत तर घरात बोलले असते."

"बाक पहिला देतो," नानासाहेब म्हणाले. "गेटपाशी. आडनाव घालून."

"आता बाक नको."

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

मी त्यांना अर्ज दाखवला. नावाच्या ओळीशी ते थांबले. या वेळीही मनातल्या मनात.

"हे सोसायटीत कुणी मान्य करणार नाही."

"मग चालू नका. डॉक्टरांनी तुम्हाला रोज चालायला सांगितलंय ना? गच्चीवर चाला."

पुडा मी त्यांच्या हातात परत दिला.

आता वसाहतीची संमती झाली आहे. आमच्या टोकाची बाकी आहे. मी निरोप पाठवला आहे: सहीचा कागद घरपोच येणार नाही. लताच्या अंगणात सभा घेऊ, तिथे येऊन करायची. तुम्ही फोनवर म्हणता, आजी, माफ करून टाक, तब्येत सांभाळ. तब्येत उत्तम आहे. माफ करणार नाही. ही सोसायटी अडून बसली तर मी शेजारच्या सोसायटीकडे जाईन, महापालिकेत जाईन, वर्तमानपत्रात लिहीन, दोन्ही भाषांत. मला कुठेही जायची घाई नाही.

आणि नानासाहेब येतील. चालायला जागा दुसरी नाही. आले की सही करण्याआधी मी त्यांना उभं करून माझ्या आईचं पूर्ण नाव सगळ्या वसाहतीसमोर मोठ्याने वाचायला लावणार आहे. अडखळले तर पुन्हा पहिल्यापासून.