एकतिसावा अर्थ

कोशाच्या ऑफिसात त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे पुरावा. कुणी नुसतं "आज उकडतंय" म्हटलं तरी हे चष्म्यावरून बघणार आणि विचारणार, असं कोण म्हणालं, कुठं म्हणालं, तारीख काय? बत्तीस वर्षं एकाच खुर्चीत बसल्यावर माणसाचं असं होतं, त्याला कोण काय करणार. आपण त्यांना पुरावासाहेबच म्हणू.

आपल्या माणसांच्या तोंडी इंग्रजी शब्द येतात, रुळतात आणि घरच्यासारखे वागायला लागतात. त्या शब्दांचा कोश करणं हे त्या ऑफिसचं काम. एका अर्थाला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर अर्थ, कुणीतरी खरोखर बोललेलं वाक्य, बोलणाऱ्याचा धंदा, जागा आणि तारीख. वाक्य ऐकलेलं नसेल तर चिठ्ठी नाही, आणि चिठ्ठी नसेल तर अर्थ नाही.

सगळ्यांत जड खण 'सेट' या शब्दाचा. दिसायला एवढासा शब्द, पण चिठ्ठ्या त्रेचाळीस. सिमेंट सेट होतं म्हणजे धरतं. हाड सेट करतात म्हणजे बसवतात. गजर सेट करतात म्हणजे लावतात. भाची सेट झाली म्हणजे मार्गी लागली, आणि दोघांचं सेट झालं म्हणजे जुळलं. कपबशांचा सेट म्हणजे संच, नाटकाचा सेट म्हणजे उभारलेला देखावा. एका शब्दासाठी आपल्याकडे पंचवीस-तीस शब्द खर्ची पडले होते, तरी रोज कुणीतरी नवीन काहीतरी ऐकून यायचंच. हा खण पुरावासाहेबांनी तरुणपणी एकट्यानं भरला होता. नव्या लोकांना तो कौतुकानं दाखवत. मात्र दाखवताना एकतिसाव्या चिठ्ठीवर त्यांचं बोट कधी थांबायचं नाही.

कारण ती चिठ्ठी खोटी होती.

ऑफिसचा नियम असा, की एक जरी चिठ्ठी बनावट निघाली तर त्या माणसाच्या सगळ्याच्या सगळ्या चिठ्ठ्या बाद. एकदा खोटं लिहिणाऱ्याच्या बाकीच्या लिखाणावर विश्वास कसा ठेवायचा? बारा वर्षांपूर्वी एका सहकाऱ्यानं खलाशाचं एक वाक्य घरबसल्या रचलं, ते पकडलं कुणी, तर पुरावासाहेबांनी. त्या माणसाचं नऊ वर्षांचं काम पोत्यात भरून रद्दीत गेलं. तो दारात हात जोडून उभा होता, आणि यांनी मान वर केली नाही. आता यांच्या स्वतःच्या चिठ्ठ्या होत्या अकरा हजार.

झालं होतं ते असं. साहेब तेव्हा सव्वीस वर्षांचे, नोकरीत नवे. वडील गवंडी, मोठ्या टोळीचे मिस्त्री. वरिष्ठांनी सांगितलं, "तुमच्या घरातच कारागीर आहे, त्यांच्याकडून सेटचा एखादा अर्थ आणा." हे इस्त्रीचा शर्ट घालून बांधकामावर गेले. फाटकातून पाहिलं तर वडील गुडघ्यापर्यंत चिखलात, डोक्याला फडकं, कुणावर तरी ओरडताहेत. सगळी टोळी समोर. "मी यांचा मुलगा" म्हणत आत जायची यांना लाज वाटली. हो, लाजच, दुसरा शब्द नाही. तिथूनच माघारी वळले, रस्त्याकडेच्या बाकावर बसले आणि चिठ्ठी लिहून काढली. 'सेट देणे: दिवसाचं काम संपल्यावर, निघण्याआधी ओल्या भिंतीवर क्षणभर हात टेकवणे.' वाक्य: 'भिंतीला सेट दिल्याशिवाय घरी जाऊ नये.' बोलणारा: मिस्त्री, वय पंचावन्न. असं कुणी करत नव्हतं आणि कुणी बोलतही नव्हतं.

दोन वर्षांनी कोश छापून आला. आईनं हट्ट धरला, "यांचं वाक्य यांना वाचून दाखव की." वडिलांना अक्षरओळख नव्हती. यांनी वाचलं. वडिलांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग विचारलं, "हे आता पुसता येत नाही ना?"

"नाही, बाबा. छापलंय."

"मग राहू दे," वडील म्हणाले आणि हात धुवायला उठले. पुढं अकरा वर्षं जगले, पण विषय काढला नाही. विसरले असतील, असं साहेबांनी स्वतःला समजावून टाकलं.

यंदा नव्या आवृत्तीसाठी जुन्या चिठ्ठ्या पुन्हा तपासायचं ठरलं, आणि त्यासाठी एक तपासनीस बाई आल्या. वय चौतीस, बोलणं कमी, पायात सपाट चपला. आठवड्याभरात ऑफिसनं त्यांचं नाव चाळणी ठेवलं. बाई नुसत्या टेबलावर तपासत नसत, जिथं वाक्य बोललं गेलं तिथं चालत जात. शिंप्याचा अर्थ शिंप्याला विचारत, कंपाउंडरचा कंपाउंडरला. रोज एक खण रिकामा होऊन त्यांच्या टेबलावर जायचा. 'स' जवळ आला तसा पुरावासाहेबांना डबा जाईना. मान वर न करता ते बाईंच्या चपलांचा आवाज ऐकत बसत. आवाज आपल्या टेबलापाशी थांबला की उगाच हातातली चिठ्ठी उलटून बघत.

शेवटी एका दुपारी सगळे जेवायला गेलेले पाहून त्यांनी सेटचा खण ओढला. चिठ्ठी खिशात घालायची, हरवली म्हणून सांगायचं. एवढं आयुष्य पुरावा पुरावा करत घालवलं आणि आता स्वतःच पुरावा चोरायला निघाले होते. एकोणतीस, तीस... आणि त्यापुढे पिवळा कागद. 'तपासासाठी बाहेर.' खाली बाईंची सही आणि त्याच दिवसाची तारीख.

साहेब तिथंच स्टुलावर बसले.

दोन दिवस बाई आल्या नाहीत. घरी बायकोनं विचारलं, "अहो, झालंय तरी काय? तोंड पांढरं पडलंय." यांनी पित्तावर ढकललं. डोळ्यांपुढे एकच दिसायचं, पोती. अकरा हजार चिठ्ठ्यांना किती पोती लागतील, याचाच हिशोब मन करत होतं. आणि दारात हात जोडलेला तो सहकारी. आता मान खाली घालून कोण बसणार होतं, तेवढंच कळायचं राहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या, चपला धुळीनं भरलेल्या. साहेबांसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि एकतिसावी चिठ्ठी मधोमध ठेवली.

"पाच बांधकामांवर गेले," त्या म्हणाल्या. "चार ठिकाणी लोक हसले. असलं काही आम्ही ऐकलेलं नाही म्हणाले."

साहेबांनी मान हलवली.

"पाचव्या ठिकाणी काम सुटायच्या वेळी पोचले. आठ गवंडी होते. एकेकानं अवजारं धुतली, भिंतीवर हात टेकवला आणि चालू लागला. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, सेट दिला."

साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"त्यांच्यातला म्हातारा तुमच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला आहे," बाई पुढं म्हणाल्या. कागद बघत त्यांनी शब्दन् शब्द वाचला. "'मिस्त्री एक दिवस कामावर आले आणि म्हणाले, आजपासून जाताना भिंतीला हात लावायचा, याला सेट देणं म्हणायचं. आम्ही म्हटलं, कशासाठी? तर म्हणाले, माझ्या पोरानं पुस्तकात छापलंय, मी असं बोलतो म्हणून. आता मला बोलायला पाहिजे. कुणी विचारत आलं तर पोरगा खोटा पडायला नको.'"

बाईंनी कागद खाली ठेवला. "हे कोश छापल्यानंतरचं आहे, साहेब. चिठ्ठी दोन वर्षं आधीची. तुम्हीच सांगा, मी काय लिहू?"

पुरावासाहेबांना एक वाट मोकळी दिसत होती. म्हाताऱ्याची आठवण आहे, वर्ष चुकलं असेल, एवढं म्हटलं की सुटले. बत्तीस वर्षं ते याच वाटेसाठी देव पाण्यात घालून बसले होते. पण डोळ्यांसमोर वडील आले. दमूनभागून निघालेले, सगळ्या टोळीदेखत भिंतीवर हात टेकवून उभे, रोज, का तर पोराची अब्रू राहावी. आणि ते पोर फाटकातून मागं फिरलेलं.

"मी लिहिली तेव्हा खोटी होती," ते म्हणाले. "बाकावर बसून रचली. तसंच लिहा."

बाईंनी तसंच लिहिलं. एकतीसवर लाल शाईनं 'बाद' मारलं. "बाकीच्या अकरा हजारांचं मला वर कळवावं लागेल," त्या म्हणाल्या. आवाज जरा खाली आला होता.

"कळवा. नियम माझ्याच सहीनं चालत आलाय."

मग बाईंनी एक कोरी चिठ्ठी पुढं ओढली. अर्थ आता खरा होता, आठ माणसांकडून ऐकलेला, तेव्हा तो राहणार होता, त्या आठ जणांच्या नावावर. त्या लिहायला लागल्या आणि साहेब उलट्या बाजूनं अक्षरं वाचत राहिले. 'ओल्या भिंतीवर क्षणभर हात टेकवणे.'

"कोणता हात?" त्यांनी विचारलं. सवयीनंच विचारलं.

बाईंनी टिपण चाळलं. "डावा. आठही जण डावाच टेकवतात. मिस्त्रींचा उजवा खांदा आखडलेला होता म्हणे, शेवटची बरीच वर्षं हात वर जायचा नाही. सगळ्यांनी तसंच उचललं."

साहेबांना हे माहीत नव्हतं. एका घरात राहून, ताटाला ताट लावून जेवून, माहीत नव्हतं.

"लिहा," ते म्हणाले, "डावा हात."