दुसऱ्या पोलिसाची पावलं

दाजींचा धंदा सांगितला तर लोकांना थाप वाटायची. पडद्यावरची माणसं चालतात, पळतात, बुक्क्या खातात. त्यांचे आवाज मागाहून बंद खोलीत भरायचे, हे त्यांचं काम. जमिनीवर चौकटी ठोकलेल्या, एकीत खडी, एकीत वाळू, एकीत फरशी. भिंतीला चाळीसेक जोड जुने बूट. हाड मोडायचं तर फडक्यात गुंडाळलेल्या काटक्या, आणि बुक्की हवी तर ओला टॉवेल स्वतःच्या मांडीवर आपटायचा. बायको म्हणायची, "मार खायचा यांनी आणि नाव हिरोचं."

जोडीला धाकटा मेहुणा. चणीनं बारका म्हणून चिमणा. तो 'दाजी' म्हणायचा, म्हणून सगळा स्टुडिओच दाजी म्हणायला लागला. दोन पोलिसांच्या मारधाडीचा पिक्चर आला तेव्हा जाड्या पोलिसाची पावलं दाजींनी दिली, बारक्याची चिमण्यानं. रेकॉर्डिंगच्या बाई म्हणत होत्या, वेगवेगळं करा, चुकलं तर दुरुस्त करता येतं. दाजी हट्टाला पेटले. "भांडणारी माणसं एकमेकांची पावलं ऐकत चालतात, बाई." मग दोघं एकाच फरशीवर, एकाच माइकसमोर, एकमेकांना कोपरानं ढोसत चालले. पिक्चर तुफान चालला.

पुढं चिमण्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय गेला. तीन वर्षं खाटेवरून त्याचं एकच पालुपद : "दुसरा भाग येऊ दे. उभा राहतो की नाही बघा!"

दुसरा भाग आला. बाईंचा फोन आला. "दाजी, बहुतेक आवाज कॉम्प्युटरमधूनच घेतलेत. शेवटचा सीन तेवढा हातानं हवाय. एका दिवसाचं काम."

दाजींनी चिमण्याला टॅक्सीत घातलं. बायको दारातून एवढंच म्हणाली, "पाडू नका हं त्याला."

आधी अख्खा पिक्चर बघायचा आणि मग पायात बूट घालायचे, ही त्यांची रीत. गच्च्यांवरचा पाठलाग बघून चिमण्यानं मांडीवर थाप मारली, डाव्या. "झकास! पैसा दिसतोय, दाजी." लिफ्टमधली मारामारी तर अशी घट्ट, की दाजींचा हात आपसूक टॉवेलकडं गेला. पण तासभर झाला तरी दोघे पोलीस एका खोलीत येईनात. हा इकडं गाड्या उडवतोय, तो तिकडं पूल. मागच्या खेपेला दोघं एका छत्रीवरून भांडले तर थिएटर हसून लोळलं होतं; इथं छत्री नाही की भांडण नाही, व्हिलन मात्र चार.

"हे भेटतात कधी?"

"इंटरव्हलला भेटतील."

"इंटरव्हल झाला, दाजी."

"नाकापेक्षा मोती जड झालाय," दाजी पुटपुटले.

मग बारक्याच्या मांडीत गोळी घुसली. उजव्या. चिमणा खुर्चीत ताठ झाला. पुढचा सीन शेवटचा, बाईंनी आधीच सांगितलेला : लांबच लांब कॉरिडॉर, दोघंच चालत जाणार, ना गाणं ना बोलणं. म्हणजे हा लंगडणार! दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

पडद्यावर बारका सरळ, झपझप चालत गेला.

"गोळी कुठं गेली?" चिमण्यानं विचारलं.

बाई ओशाळल्या. "हा सीन आधी शूट झाला होता. गोळी नंतर सुचली त्यांना."

"मग पाय कुणाचा खोटा, माझा का त्याचा?"

चिमणा हट्टानं उठला. दाजींनी बगलेत हात घातला. ठक, सर्र. ठक, सर्र. अख्ख्या पिक्चरात एवढं खरं काही नव्हतं. बाईंनी ते एकदा पूर्ण चालू दिलं, मग कानांवरचं काढून ठेवलं. "दाजी... बसत नाही हो."

"चित्रच जरा..." दाजी म्हणाले आणि थांबले. चित्राला लंगडं करता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

जाड्याची पावलं त्यांनी आधी दिली. मग चिमण्याचे बूट घातले, एक नंबर लहान. चिमणा खुर्चीतून सांगत होता, "टाच नको. चवड्यावर. तो उधारीवर जगल्यासारखा चालतो, दाजी, हलकं!" तिसऱ्या खेपेला जमलं. बाईंनी दोन्ही आवाज एकत्र लावले. कुठं चूक म्हणून नव्हती.

चिमण्यानं डोळे मिटून ऐकलं.

"दाजी, हा एकटाच चाललाय."

"पुन्हा करू?"

"शंभरदा केलंत तरी तुम्हीच चालणार ना." त्यानं डोळे उघडले. "काढा ते बूट. पाय सुजतील."

दाजी वाकले. लेस गच्च आवळली होती, नखात येत नव्हती. सवयीनं चिमणा मदतीला पुढं झुकला, अर्ध्यावर अडला आणि तसाच राहिला.