शिदोरीतली काळी वडी

त्या वड्या मी उकिरड्यात पुरल्या, हे आधीच लिहून टाकते. नाहीतर लिहिता लिहिता मी दुसरंच काही सांगत बसेन. माझी तशी सवय आहे, आणि त्या सवयीनेच हे सगळं झालं.

मुलीच्या शाळेच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली आहेत, त्यांत लिहिते आहे. मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर मोठं येतं आणि ओळ खाली घसरते. पण हे कोणाला दाखवायचं नाही, म्हणून चालेल. तोंडाने सांगता आलं असतं तर लिहायला बसलेच नसते.

आमचं गाव कुरखेड्याच्या पुढे, जंगलाला लागून. पावसाळ्यात धान आणि उन्हाळ्याच्या तोंडी मोह्याची फुलं. चार बाया जमल्या की मी मागे बसते, कोणी विचारलं तर हो किंवा नाही म्हणते. मोह्याच्या दिवसांत मात्र त्याच बाया मला पुढे बोलावतात. मोहा नीट वाळला की नाही ते मला कळतं. मूठभर घेऊन दाबायचा. ओला असला तर गोळा होऊन बसतो, वाळलेला मोकळा सुटतो. मग वास घ्यायचा. मग एक फूल जिभेवर ठेवायचं. पांढरी बुरशी लागलेलं एक जरी फूल दिसलं तरी ती सगळी टोपली मी वेगळी काढायला लावते, मग ती कोणाचीही असो. त्या वेळी माझा आवाज मोठा निघतो. एरवी निघत नाही.

माझी लेक हे सगळं माझ्याजवळ बसून शिकली. लग्न होऊन ती नागपूरला गेली. तिथे एका बाईने घराच्या मागच्या दोन खोल्यांत चाकलेटचा छोटा कारखाना टाकला आहे, त्यात तिला काम लागलं. दक्षिणेकडून कसल्याशा बिया पोत्यांनी येतात. त्या निवडायच्या, भाजायच्या, सोलायच्या, दळायच्या. निवडायचं काम लेकीला पहिल्याच दिवशी जमलं. फोनवर ती म्हणाली होती, बी निवडताना मले तूच आठवते. मला ते ऐकून बरं वाटलं, पण चाकलेटला बी कशाला लागते ते कळलं नाही. आमच्याकडे दुकानातल्या बरणीतली कोणतीही गोळी म्हणजे चाकलेट. लिमलेटचं, खोबऱ्याचं, पिवळ्या कागदातलं. पंधरा ऑगस्टला शाळेत मिळायची ती संत्र्याची गोळीसुद्धा आम्ही चाकलेटच म्हणायचो. मी ती फ्रॉकच्या टोकाला बांधून घरी न्यायचे आणि चाटून परत बांधून ठेवायचे.

मागच्या वर्षी लेकीने माझ्याकडून पिशवीभर निवडक मोहा मागवून घेतला. घरी खायला हवा असेल असं समजून मी पाठवला.

यंदा वैशाखात ती माहेरी आली. आमच्याकडे लेक सासरहून आली की शिदोरी आणते आणि ती मोहल्ल्यात घरोघर वाटतात. चिवडा असो, दोन करंज्या असोत, पण एक घर चुकवायचं नाही. खाणारे खातात, पण त्या वाटीवरून लेकीचं सासर कसं आहे तेही ठरवतात. त्याआधीच माझ्या मोठ्या जाऊची लेक आली होती. तिने बुंदीचे लाडू आणले होते, मुठीत मावत नव्हते असे. महिनाभर बोरिंगवर पाणी भरताना त्या लाडवांचंच नाव निघत होतं.

माझ्या लेकीने पिशवीतून एक चपटा खोका काढला. त्यात चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या बोटभर लांबीच्या वड्या होत्या.

"माह्या हातच्या आहेत," ती म्हणाली. "बी भाजण्यापासून सारं मीच केलं. मालकीणबाईनं पहिल्यांदा मले एकटीले करू दिलं."

मी एक खाऊन पाहावी म्हणून ती मागे लागली. माझा त्या दिवशी सोमवारचा उपास होता. उद्या खाते म्हटलं.

"चावजो नको. जिभेवर ठेवजो आन् आपोआप विरू देजो. त्यात काय टाकलं ते मी सांगत नाई, तू चाखून सांग. तुह्या जिभेले जे कळते ते तिथी कोणालेच कळत नाई."

हे ती थट्टेत म्हणाली नव्हती. चेहरा अगदी परीक्षेचा निकाल ऐकायला उभी असल्यासारखा होता. मला तो तेव्हाच कळायला हवा होता. खोका तिने रांजणाजवळ गारव्याला ठेवला आणि एक वडी काढून तिच्या बाबांच्या हातात दिली. त्यांची दाढ दुखत होती, म्हणून त्यांनी ती नंतरसाठी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मावशीकडे शेजारच्या गावी गेली. संध्याकाळी परत येणार होती. जाताना सांगून गेली, शिदोरी वाटून देजो.

ती गेल्यावर मी खोका उघडला. पहिल्या वडीचा कागद काढला तर वर पांढरा थर. दुसरीवर पांढरा. तिसरीवर पांढऱ्या रेघा. वैशाखाचं ऊन, नागपूर ते वडसा, वडसा ते कुरखेडा, तापलेली एसटी. मला वाटलं, लेकीच्या पहिल्या कामाला बुरशी लागली. तरी एका वडीचा कोपरा दाताने तोडला. इतका कडू लागला की मी मोरीत थुंकले आणि दोनदा चूळ भरली.

मी मुलीची लाज झाकली, असं मी किती दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. मुलगी नंतर आठवली. आधी जाऊचे लाडू आठवले. या काळ्या, कडू, बुरशी लागलेल्या वड्या घेऊन मी घरोघर कशी जाऊ, हेच आधी मनात आलं.

घरी कोणी नव्हतं. मी खोक्यातल्या सगळ्या वड्या उकिरड्यात खड्डा करून पुरल्या, वर शेण लोटलं. मग चौकातलं दुकान टाळून पलीकडच्या टोलीवर, त्या वस्तीतल्या दुकानात गेले आणि पिवळ्या कागदातल्या गोळ्यांचं मोठं पाकीट आणलं. आणि त्या गोळ्या मी लेकीच्याच खोक्यात ओतल्या. दुसरं भांडं घरात नव्हतं असं नाही. तो खोका सुंदर होता आणि लोकांना तो दिसावा असं मला वाटलं.

घरोघर जाऊन मूठमूठ दिल्या. लेकीने आणल्या म्हणाले. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्त बोलले.

संध्याकाळी लेक आली तेव्हा मी बोरिंगवर पाणी भरत होते. जाऊ तिथेच होती. लेकीला पाहून ती म्हणाली, "बाई, तुह्या शिदोरीनं माही दाढ उपसली असती. आज मोहल्ल्यात भांडण नाई का काई नाई, साऱ्यांची तोंडं चिकटली."

बाया हसल्या. लेकही हसली.

"माही वडी चिकटत नाई, मोठी आई. ते विरते."

"विरते म्हणे. हे पाय." जाऊने पदराची गाठ सोडून दोन पिवळ्या गोळ्या काढल्या. "नातवासाठी ठेवल्या."

लेकीने त्या गोळ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी पाण्याच्या पितळी गुंडाच्या तोंडाकडे पाहत राहिले. गुंड भरून पाणी खाली वाहत होतं आणि मी बोरिंगच्या दांड्याला हात मारतच होते.

घरी आल्यावर तिने गोळ्यांचं नाव काढलं नाही. हातपाय धुतले, आणि चुलीजवळ बसून विचारलं, "आई, तू खाल्ली काय?"

"खाल्ली."

"कशी लागली?"

"लय गोड," मी म्हणाले.

ती म्हणाली, "बरं." आणि ताट वाढून घेतलं. ती वडी गोड नव्हतीच. गोड करायचीच नव्हती तिला. दोन दिवसांनी ती नागपूरला गेली. जाताना माझ्या पाया पडली, नेहमीसारखी.

ती गेल्यावर आठ-दहा दिवसांनी मी घरधन्याचा सुपारीचा डबा पुसायला घेतला. आत ती वडी होती. ते दाढेमुळे विसरून गेले होते. कागद उघडला, तर तसाच पांढरा थर. मी फेकायला उठले आणि सवयीने वडी नाकाजवळ नेली.

बुरशीचा वास नव्हता.

बुरशीला वास असतो हे मला नाही तर कोणाला माहीत? आधी वास घ्या, मग बोला, असं मी दरवर्षी बायांना रागावून सांगते. आणि लेकीच्या वड्या मी वास न घेताच पुरल्या. पुढे कळलं की गरमीने त्यातलं तेल वर येऊन गोठतं, त्याचा तो थर असतो. खराब होत नाही.

घरधन्याने अडकित्त्याने वडीचे दोन तुकडे केले. त्यांनी आपला तुकडा खाल्ला, दवाईसारखी आहे म्हणाले आणि बैलाकडे गेले. मी माझा जिभेवर ठेवला आणि चावला नाही.

आधी काहीच लागलं नाही. मग कडू आलं, पण थुंकावंसं वाटेना. भाजलेल्या हरभऱ्याचा असतो तसा वास नाकात चढला. मग जरा आंबट, जांभळाच्या सालीसारखं. ते विरत होतं आणि विरताना बदलत होतं. पिवळी गोळी पहिल्यांदा जी लागते तीच संपेपर्यंत लागते, दुसरं काही तिच्यात नसतंच. मला वाटलं झालं, संपलं. आणि मग अगदी शेवटी, घशाशी, मोहा आला. सकाळी झाड झडत असताना टोपलीत तोंड घातल्यावर येतो तो. माझाच मोहा. मी निवडून पिशवीत भरलेला.

काय टाकलं ते सांगत नाई, तू चाखून सांग, असं ती म्हणाली होती.

मी फोन हातात घेतला होता. पण सांगायचं म्हणजे आधी उकिरड्यापासून सांगावं लागलं असतं. फोन ठेवून दिला. असे तीन महिने गेले. तिचा फोन यायचा, मी धानाचं सांगायचे, पावसाचं सांगायचे.

पोळ्याला ती आली. पिशवीतून तिने पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. पिवळ्या कागदातल्या गोळ्या. तशाच.

"हे वाटून देजो," ती म्हणाली. "इथी हेच चालते."

तिने टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं. तिने ते खरंच मनापासून म्हटलं होतं. तिला वाटलं होतं, आपलं काम आपल्या गावासाठी नाही.

मी विळीवर भोपळा चिरत होते. खाली पाहूनच म्हणाले, "त्या वड्या मी पुरल्या."

"मले मालूम आहे. कोंबड्यांनी उकरल्या होत्या. कागद दिसले मले त्याच दिवशी."

तिला तेव्हापासून माहीत होतं. माझ्या 'लय गोड'च्याही आधीपासून असेल.

"बुरशी वाटली मले," मी म्हणाले. "आन् लाजही वाटली. एक उरली होती, तुह्या बाबाच्या डब्यात. ते खाल्ली मी. तू सांगितलं तशी."

"मंग?"

या वेळी मी गोड म्हणाले नाही. छानही म्हणाले नाही. मोह्याच्या दिवसांत निघतो तो आवाज आपोआप निघाला. "कडूपणाचं मले समजत नाई. पण मोहा तू जास्त भाजला. वास अर्धा उडून गेला त्याचा. फूल लाल झालं की उतरवायचा असते, काळं होऊ द्यायचा नाई."

मला वाटलं, आता ती रडेल. पण तिने जवळ सरकून माझ्या हातातली भोपळ्याची फोड काढून घेतली आणि विचारलं, "लाल म्हणजे किती लाल? सांग बरं." मी तिला भिंतीचा गेरू दाखवला. तेवढा, म्हटलं. तिने उठून फोनवर त्या गेरूचा फोटो काढला.

लेकीचं आणि माझं इतकंच बोलणं झालं. तिने मला माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही.

दुपारी ते पाकीट घेऊन मी मोहल्ल्यात निघाले, कारण शिदोरी वाटायचीच असते. प्रत्येक दारात मी ठरवायचे, इथे सांगू की या गोळ्या लेकीच्या हातच्या नाहीत. मागचंही आणि आताचंही. जाऊने ओंजळ पुढे केली, गोळ्या पाहिल्या आणि म्हणाली, "बरं झालं वो, याही वेळी हेच आणलं. लेक तुही चांगल्या कारखान्यात लागली."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी तिच्या ओंजळीत आणखी दोन गोळ्या टाकल्या आणि पुढच्या घराकडे वळले.