सगळ्यांना ‘होय’ म्हणणारे दाजी

आचऱ्याच्या बाजूला एका वाडीत देवाला गाऱ्हाणं घालावं तर ते दाजींनीच. नवी होडी पाण्यात लोटायची असो नाहीतर नव्या सुनेचं पाऊल घरात पडायचं असो, नारळ दाजींच्या हातात जायचा आणि ते ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरू व्हायचे. ग्रामदेवता, सीमेवरचा, पाणंदीतला, वडाखालचा, एकूण एक देव नाव घेऊन बोलावला जाई. एखादा राहिला आणि रुसला, तर निस्तरणार कोण? लोकांचा ‘व्हय म्हाराजा’ म्हणून म्हणून घसा कोरडा पडे, पण दाजी कुणाला गाळत नसत. माणूस भला, फक्त ‘नाही’ म्हणणं त्यांना जमत नसे.

हाच माणूस लॅपटॉपसमोर बसला आणि घोटाळा झाला.

लॅपटॉप त्यांच्या मुलाचा, जितेंद्रचा. २००८ साली आखातात तेलाच्या बार्जवर नोकरी लागली, तेव्हा तो घरी ठेवून गेला. भर समुद्रात मोबाइलला रेंज कुठली! दर रविवारी आपल्याकडच्या संध्याकाळी सहा ते साडेसहा तिथल्या सामाईक कॉम्प्युटरवर घरी बोलायची त्याची पाळी असे. इकडे लोडशेडिंग संपून वीज येई ती बरोब्बर सहाला आणि लॅपटॉपच्या बॅटरीने केव्हाच राम म्हटलेला. सहाला बटण दाबायचं नि वाट बघायची. सुरुवातीला चार मिनिटं लागत, वर्षभरात त्याची वीस झाली. दाजी बटण दाबून हात जोडत आणि देवांची यादी म्हणत. देव संपत, पण लॅपटॉप काही उठत नसे.

उरलेल्या दहा मिनिटांत पडद्यासमोर त्यांची बायको, काशीबाई. “जेवलंस? कितको बारीक झालंस रे!” आईच ती, तिला उठवणार कोण? दाजी मागे उभे राहून हात हलवत. पुढच्या रविवारी बोलू, पुढच्या रविवारी बोलू, असं करता करता आठ महिने गेले आणि मुलाशी एक शब्द बोलणं झालं नाही. अख्ख्या गावासाठी देवाला साकडं घालणारा माणूस, पण बायकोला ‘जरा सर’ म्हणवेना. रविवारी रात्री त्यांना जेवण जाईनासं झालं.

शेवटी एका रविवारी सकाळी त्यांनी शेजारच्या शर्मिलाला हाक मारली. ती मालवणात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. तिने बटण दाबलं, एक चहा प्यायली, दुसरा प्यायली, तेव्हा कुठे पडदा धड झाला. खालच्या कोपऱ्यात बारक्या चित्रांची ही रांग!

“काकानू, ह्यो काय बाजार भरवलात?”

मासिकाबरोबर फुकट मिळणाऱ्या प्रत्येक सीडीतले प्रोग्राम दाजींनी लॅपटॉपमध्ये घातले होते. गाणी वाजवणारे चार, हवामान सांगणारे दोन, व्हायरस पकडणारे तीन, आणि तेही एकमेकांवरच संशय घेणारे. प्रत्येकाने विचारलं होतं, लॅपटॉप सुरू होताना मीही सुरू होऊ का? दाजींनी प्रत्येकाला होकार दिला होता.

“मगे? आपणहून इचारता, तेका नाय कसा म्हणतलंय?”

शर्मिलाला हसू आवरेना. “अवो, सगळ्यांका एकदम बोलवलात, म्हणान दारात चेंगराचेंगरी झाली. काम पडला काय मग हाक मारायची.”

सुरुवातीलाच जागे होणाऱ्यांची यादी उघडून ती एकेका नावापुढची खूण काढायला लागली. दाजींचा जीव खालीवर.

“घालवतंस काय गो तेंका?”

“घरातच रवतले. फक्त पुढे पुढे करूचे नाय.”

व्हायरसवाल्यांपैकी दोघांना मात्र तिने खरंच घराबाहेर काढलं. दाजी डोळे मिटून प्रत्येकाची नाव घेऊन माफी मागत होते, त्यामुळे पाच मिनिटांच्या कामाला तास लागला.

संध्याकाळी सहाला वीज आली. दाजींनी बटण दाबून हात जोडले. सातवा देव तोंडात असतानाच लॅपटॉप तयार! सहा वाजून चार मिनिटांनी जितेंद्र पडद्यावर. त्याचं जेवण, त्याचा खोकला, गायीचं वासरू, शेजारणीची सून, काशीबाईंचं सगळं बोलून झालं तरी सव्वासहाच. त्या आपणच उठल्या.

“बसा आता तुमी.”

दाजी बसले आणि सवयीने नुसता हात हलवला. आठ महिने साठवलेलं कुठे गेलं कोण जाणे. पडद्यावर मुलानेही हात हलवला. शेवटी तोच म्हणाला, “बाबानू, गाऱ्हाणा घाला मां. वरीस झाला, आयकूक नाय.”

दाजींनी हात जोडले. आता हे सीमेवरच्या देवापासून सुरुवात करणार आणि साडेसहा वाजवणार, असं काशीबाईंना वाटलं. पण जन्मात पहिल्यांदा दाजींनी अख्खी यादी गाळली.

“बा देवा म्हाराजा, ह्यो माझो झील, जितेंद्र. तेका सुखरूप घराक घेवन ये रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” काशीबाई म्हणाल्या.

आणि बार्जवरून, जरा उशिराने, तुटक तुटक आवाज आला, “व्हय म्हाराजा.”