हा ओरिजिनल

बाबा भाकर खात होते. मोबाईल मांडीजवळ पडला होता. तो वाजला. बाबांनी डाव्या हातानं उचलला, पाहिलं आणि हसले. मला हाक मारली.

"पाय वं, गावाच्या ग्रुपवर माहा फोटो आला."

मी म्हणलं, तो तर मीच काल टाकला. ते म्हणाले, नाही, आज दुसऱ्या कोणी टाकला. त्यांना वाटलं, फोटो कोणाला तरी आवडला असंल. दोन बोटांनी फोटो मोठा करायचं मी त्यांना शिकवलं होतं. त्यांनी मोठा केला. स्वतःच्या तोंडाकडे पाहून अजून थोडं हसले. मग बोट खाली सरकलं.

हातात खराटा होता.

मी काढलेल्या फोटोत बाबांचे हात मांडीवर होते. ह्या फोटोत उजव्या हातात खराटा. पायाशी मेलेलं ढोर. फोटोखाली लिहिलं होतं, "हा ओरिजिनल." त्याखाली हसणारी तोंडं. एकाखाली एक येतच होती.

बाबांनी मोबाईल पालथा ठेवला. उरलेली भाकर खाल्ली. ताट ढकलून उठले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उठले नाहीत. शेवटचा घास पाण्यासोबत गिळला, हात धुतले आणि मला म्हणाले की ग्रुपमधून निघायचं कसं ते दाखव.

माझा आजा गावची चावडी झाडत होता. मेलेली ढोरं ओढत होता. बाबांनी ते केलं नाही. आज्यानं त्यांना करू दिलं नाही. बाबा शाळेत अटेंडर. घंटा वाजवतात, कुलूप उघडतात, सरांना पाणी देतात. बाबांच्या हातात खराटा गावानं कधी पाहिला नव्हता. म्हणून तो बनवून द्यावा लागला.

माझा फोटो जयंतीच्या सकाळचा होता. बाबांनी पांढरा सदरा इस्त्री करून घातला होता. मिरवणूक निघायला वेळ होता म्हणून अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. पायावर पाय. ऊन तिरपं होतं. मी मोबाईल काढला आणि ते काही म्हणायच्या आत फोटो घेतला. त्यांना माहीत नव्हतं म्हणून तो चांगला आला. माहीत असलं की ते ताठ होतात, साहेबासमोर उभे असल्यासारखे.

मग मी तो बनवत बसले. मला हे आवडतं. कॉलेजात कोणी शिकवलं नाही, माझं मीच शिकले. मागं पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा ढीग होता, तो पुसला. कुडाची भिंत धूसर केली. ऊन थोडं वाढवलं. ॲपनं तोंड आपोआप गोरं केलं, ते मी बंद केलं. बाबा काळे आहेत. काळेच दिसले पाहिजेत. खाली लिहिलं, "माझे बाबा." आणि गावाच्या ग्रुपवर टाकला.

त्या ग्रुपवर सगळेच टाकतात. कोणाचं नवं ट्रॅक्टर, कोणाच्या पोराचा वाढदिवस, कोणाची बुलेट. गावच्या पटेलांच्या पोराचा, प्रशांतचा वाढदिवसाचा बॅनर मागच्या वर्षी मीच बनवून दिला होता. सिंह, मुकुट, मागं आग. तो रस्त्यावर गाडी उभी करून मला आवाज द्यायचा. अंगणात यायचा नाही. फोटो मोबाईलवर पाठवायचा. मला पण शिकव म्हणाला, तर मी तेही शिकवलं. फोटो मोठा करायचा, कडेकडेनं बोट फिरवायचं, कानाजवळ आणि बोटांजवळ घाई करायची नाही.

खराट्याच्या दांड्यावर बाबांची बोटं नीट बसवली होती. एकेक बोट सुटं. ते मी शिकवलेलं.

टाकणाऱ्याचं नाव समोर होतं. त्यानं लपवलंही नाही. लपवायचं काऊन?

हसणाऱ्यांची नावं मी वाचली. किराणा दुकानवाला होता, ज्याच्याकडून आमचं तेलमीठ येतं. शाळेतले एक सर होते. बाबा रोज ज्यांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवतात ते. आणि आमच्या वस्तीतला एक जण होता. त्यानं हसणारं तोंड नाही, नुसता अंगठा दिला होता. त्याला काय वाटलं असेल ते मी समजू शकते. काहीच न देणं त्याला परवडलं नसेल.

मी बाबांना ग्रुपमधून काढलं नाही. मी लिहिलं, "हा फोटो काढून टाका. हे माझे बाबा आहेत."

उत्तर आलं, मजाक आहे, मनावर घेऊ नको. दुसऱ्यानं लिहिलं, एडिटिंग तू पण करतेस ना. तिसऱ्यानं पुन्हा हसणारं तोंड टाकलं.

मी पुन्हा लिहिलं. तेव्हा प्रशांतचा मेसेज ग्रुपवर आला नाही, सरळ मला आला.

"आज बापाचा केला. तुहा कराले किती वेळ लागते?"

मी अंगणात उभी होते. उन्हात. पायाखालची जमीन तापलेली होती. मी घरात गेले. पहिल्यांदा माझा डीपी काढला. मग इतर ठिकाणचे माझे सगळे फोटो पुसले. कॉलेजच्या सहलीचे, मैत्रिणीच्या लग्नातले, ओढणी डोक्यावर घेतलेला, केस मोकळे सोडलेला. पुसता पुसता कळलं की ह्याचा काही उपयोग नाही. मैत्रिणींच्या मोबाईलमध्ये मी होते. त्यांच्या भावांच्या मोबाईलमध्ये होते. प्रशांतकडे मी होतेच, त्याशिवाय तो असं लिहिणार नाही. माझं तोंड गावभर कोणाकोणाकडं पडलं होतं आणि त्यातलं एकही मला परत आणता येत नव्हतं.

मायनं मेसेज माझ्या खांद्यावरून वाचला. तिला वाचायला वेळ लागतो. पण वाचलं. तिनं माझ्या हातातला मोबाईल घेतला आणि जवारीच्या कोठीत खाली दाबून ठेवला. म्हणाली, परीक्षेपुरती कॉलेजात जाय, बाकी दिवस घरात राहाय. मामाला मंचेरियलला फोन लावला. मामा कोळशाच्या खाणीत आहे. तो म्हणाला, पोरीचं लग्न जमवून टाका, मी स्थळ पाहतो.

चूक प्रशांतनं केली. कोंडलं मला.

दोन-तीन दिवसांनी पटेलांकडून निरोप आला. बाबांना बोलावलं होतं. पोरीला पण घेऊन ये म्हणाले.

पटेल ओसरीवर खुर्चीत बसले होते. बाजूला तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. बाबा अंगणात उभे राहिले. मी त्यांच्या मागं. प्रशांत आतून दारात आला, मोबाईल पाहत उभा राहिला. माझ्याकडं पाहिलं नाही. पटेल बाबांपेक्षा वयानं लहान आहेत. बाबांचं नाव देवाजी.

"देव्या, लेकरायची मस्करी हाय ते. तू पोलिसात जातो म्हणून आयकलं."

बाबा म्हणाले की असं कोणी म्हणलं नाही. खरंच नव्हतं म्हणलं. आमच्या घरात तो शब्दसुद्धा निघाला नव्हता. त्यांच्याच घरात निघाला असेल.

मग पटेलांनी मामला समजावून सांगितला. आवाज चढवला नाही. चांगलं बोलले. पोरीनं फोटो टाकला नसता तर पोरानं बनवला नसता. सुरुवात कोणी केली? तरी आपण मोठ्या मनानं घेऊ. पोरीनं तिचा फोटो काढून टाकायचा आणि ग्रुपवर माफीचं लिहायचं. प्रशांत पण त्याचा काढून टाकेल. बरोबरी झाली. जूनमध्ये शाळा उघडेल, तुझी ऑर्डर पुन्हा निघायची आहे, उगाच नाराजी कशाला.

बाबांची नोकरी कायमची नाही. दरवर्षी नवी ऑर्डर निघते. शाळेच्या कमिटीवर पटेल आहेत. हे त्यांना सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी सांगितलं.

बाबांनी हात जोडले. म्हणाले, "लिवते जी ते. आजच लिवते."

मी बाबांच्या हातांकडे पाहिलं. फोटोत मी किती निवांत ठेवले होते ते. मांडीवर. आता दोन्ही छातीशी आले होते आणि खराट्याशिवाय सुद्धा ते त्याच फोटोतले हात दिसत होते. मी बाबांच्या मागून पुढं आले.

"मी नाई लिवत," मी म्हणलं. "माफी त्यानं मागाची. माह्या बाबाले."

प्रशांतनं पहिल्यांदा मोबाईलमधून डोकं वर काढलं. पटेल बाबांनाच म्हणाले, माझ्याशी बोललेच नाहीत, "पोरगी शिकवली तं लई झालं, देव्या. आता घरी ने."

वाटेनं बाबा माझ्या पुढं चालत होते. मी त्यांच्या पाठीशी बोलत होते. फोटोत तुमी काय चुकीचं केलं, म्हणलं. आपल्याच अंगणात, आपल्याच खुर्चीवर बसलात. घराजवळ आल्यावर ते थांबले. वळले नाहीत.

"तुले तोंड हाय. मले नोकरी हाय."

एवढंच. त्यानंतर कितीतरी दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत.

परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मी घरी जायची बस सोडली आणि पोलीस ठाण्यात गेले. सकाळीच कोठीत कोपरापर्यंत हात घालून मोबाईल काढला होता. तिथं मला टेबलासमोर उभं केलं. मी दरखास्त, म्हणजे तक्रारीचा अर्ज, तेलुगूत लिहून नेली होती; आमचं गाव सीमेच्या तेलुगू बाजूला आहे. पाचवीनंतरची सगळी शाळा माझी तेलुगूत झाली, रडणं तेवढं मराठीत येतं. टेबलामागच्या माणसानं वाचलं, मग फोटो मागितला. मी दाखवला. त्यानं बाजूच्याला दाखवला. बाजूचा हसला, मग माझ्याकडं पाहून थांबला.

"फोटोने कदा अम्मा," टेबलामागचा म्हणाला. फोटोच तर आहे ना.

मग म्हणाला, ज्याचा फोटो त्याची दरखास्त पाहिजे. वडिलांना घेऊन ये.

वडील येणार नव्हते. मला माहीत होतं. मी तिथंच उभी राहिले. परत गेले तर पुन्हा निघता येणार नव्हतं. कोठीला माय कुलूप लावेल. लग्न लागेल. मी कुठंतरी वणी-राजुऱ्याकडं भाकरी थापीन आणि तो फोटो इथं फिरत राहील. भिंतीजवळ एक बाई पोलीस बसली होती, नेरडीगोंड्याकडची. तिनं मला हिंदीत विचारलं, तुझ्या स्वतःच्या नावावर काही आलंय का?

आलं होतं. ते मी दरखास्तीत लिहिलंच नव्हतं. मला वाटलं होतं, बाबांचं लिहावं, माझं झाकावं. पोरीचं नाव ठाण्यात गेलं की काय होतं ते मला लहानपणापासून ऐकून पाठ आहे. मी मेसेज उघडला. मोबाईल तिच्यासमोर धरला. तिनं माझं मनगट धरून मोबाईल जवळ ओढला आणि वाचला.

दुसरी दरखास्त मी माझ्या नावानं लिहिली. नाव, बापाचं नाव, गाव, जात. सगळं पूर्ण. धमकी लिहिली. त्या धमकीच्या आधी काय झालं, ते लिहावंच लागलं. म्हणजे बाबांचा फोटो पण आला. त्या कागदावर रकाना मला मिळाला तसा त्यांनाही मिळाला. त्यांना तो नको होता, तरी.

त्यानंतरचं सरळ आहे. केस झाली. प्रशांत हैदराबादला मावशीकडं गेला आणि महिनाभरात परत आला. आता गाडी आमच्या घरासमोरून हळू नेतो. जूनमध्ये शाळा उघडली, बाबांची ऑर्डर निघाली नाही. कमिटीनं कारण दिलं नाही. घंटा दुसरा माणूस वाजवतो, ती आमच्या घरापर्यंत ऐकू येते. बाबा जिनिंगमध्ये कापसाची बोचकी उचलायला जातात. ह्या वयात. माय म्हणते तुझ्यामुळं. वस्तीतले म्हणतात तुझ्यामुळं. ज्यानं अंगठा दिला होता तोही म्हणतो. एक स्थळ आलं होतं, तेही चौकशी करून गप झालं.

आणि तो फोटो गेला नाही. कोणीतरी त्याचं स्टिकर केलं. वांकिडीकडच्या एका मैत्रिणीला दुसऱ्याच कुठल्या ग्रुपवर आलं. तिनं मला पाठवून विचारलं, हे मजेशीर आहे, कोण आहे गं हा माणूस? मी तिला लिहिलं, माझे बाबा.

मागच्या आठवड्यात सरपंच आले. अंगणात उभ्याउभ्या बोलले. पटेल तडजोडीला तयार आहेत. पोरीनं केस मागं घ्यावी, सही करावी, पुढच्या ऑर्डरमध्ये देवाजीचं नाव येईल. कागद ते सोबत घेऊनच आले होते.

मायनं मला विनवलं. सगळ्यांसमोर. बाबा दारात बसले होते. हाताला कापसाचे तंतू चिकटलेले. त्यांनी मला सही कर म्हणलं नाही. करू नको असंही म्हणलं नाही. ते माझ्याकडं पाहत राहिले आणि मला त्यांच्या मनातलं काहीच वाचता आलं नाही. ते मला सगळ्यात जड गेलं. पटेलांना नाही म्हणणं सोपं होतं. इथं नाही म्हणायचं म्हणजे त्या हातांना म्हणायचं होतं.

मी नाही म्हणलं. सरपंच कागद घडी करून गेले.

त्या दिवसापासून माय मला वाढत नाही. मी माझं घेऊन खाते. ह्या घरातून मी निघू शकत नाही, ह्या गावातूनही सध्या नाही. कॉलेजला जाते तर बसमध्ये मागून कोणीतरी मोबाईल माझ्याकडं वळवतं. मी तोंड झाकत नाही. डीपीवर माझा फोटो पुन्हा लावला आहे. माझ्याच हातानं काढलेला, काहीही न पुसलेला. ज्याला त्याचं काही बनवायचं असेल त्यानं बनवावं. त्याचंही नाव मी दरखास्तीत लिहीन.

कोर्टातून कागद आला आहे. बाबा येतील की नाही, मी विचारलं नाही. विचारणारही नाही. सही मी करणार नाही. माफी मी लिहिणार नाही. तारखेला मी जाईन.