खटक्यांसकट हाक

हिवाळा सरताना सिद्धेश्वर धरणाचं पाणी मागे सरकू लागतं आणि आमच्या गावाखालच्या ओल्या गाळावर कोवळं गवत उगवतं. असं गवत दुसरीकडे कुठे असेल तर मला कुणी दाखवावं. आजूबाजूच्या गावांचे कळप या हिरवळीवर उतरतात आणि दिवस कलला की सगळे पाण्यावर एक होतात. कुणाची मेंढी कुठली, काही कळत नाही. मग एकेक धनगर उंचवट्यावर चढतो आणि हाक देतो. ज्याची हाक त्याची मेंढरं. एवढ्या मोठ्या गर्दीतून त्याचा कळप धार लागल्यासारखा सुटून येतो. त्यासाठी काठी लागत नाही, कुत्रं लागत नाही, पाठीवर रंगाची खूणही लागत नाही.

या हाकांमध्ये दगडोबाची हाक सगळ्यांत देखणी. "हुर्रऽऽ यो यो योऽऽ" अशी ती निघायची, मधेच वर चढायची आणि पलीकडच्या काठावर आपटून परत यायची. परत येईपर्यंत त्याची म्होरकी मेंढी, भुरी, पाण्यातून बाहेर पडलेली असायची.

पण मला सांगायचं आहे ते दगडोबाच्या सुनेबद्दल.

सुकन्या कळमनुरीकडची. दहावीपर्यंत शिकली आणि दगडोबाच्या बजरंगला दिली. तिचे कान वेगळेच. रस्त्यावरून गेलेली मोटारसायकल कुणाची, हे ती चुलीपुढे बसून सांगायची. पावसाळ्यात एकदा ती गावच्या विहारातल्या वाचनालयात गेली. तिथे नोकरीवाल्या मंडळींनी दिलेला एक संगणक आहे आणि शीतल नावाची बौद्धवाड्यातली पोरगी ते वाचनालय सांभाळते. पुस्तकं चाळता चाळता सुकन्याच्या हाती एक जाड पुस्तक लागलं. संगणकावर आवाज कसा कापायचा, जोडायचा, स्वच्छ करायचा, हे शिकवणारं, मराठीत लिहिलेलं. पानोपानी पडद्याची चित्रं आणि बटणांची नावं.

"वयनी, त्या पुस्तकाला आजवर कुणी हात लावला न्हाई. तुमी काहून नेऊन राहिल्या?"

"मुखपृष्ठावर बघ ना, शीतलताई. आवाजाचं चित्र हाय म्हणे हे. आवाज दिसतो?"

तेवढ्या एका प्रश्नापायी तिने ते पुस्तक घरी नेलं. मेंढरांमागे जातानाही ते पिशवीत असायचं. बाभळीखाली बसून ती चित्रातल्या बटणांवर बोट ठेवायची आणि पुटपुटायची: इथून निवडा, इथे दाबा, चुकलं तर इथून माघारी या. बजरंग हसून लोळायचा.

"कागदाचा टीव्ही दाबून राहिली का? बातम्या लाव मग."

"लावते. धनगराला अक्कल आली, ही पयली बातमी."

असा हा पोरखेळ चालला होता. मग दगडोबाच्या गळ्यात गाठ निघाली. नांदेडला ऑपरेशन झालं. माणूस वाचला, पण आवाज गेला. उरली एक घोगरी कुजबुज, जवळ कान नेला तर ऐकू येईल एवढी.

दगडोबा धरणावर यायचा बंद झाला. बाजेवर पाण्याकडे पाठ करून बसू लागला. बजरंग उंचवट्यावर चढून गळा फाटेस्तोवर ओरडायचा. भुरी त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. अर्धी मेंढरं दुसऱ्यांच्या कळपामागे निघून जायची, मग कान धरधरून ती वेचून आणावी लागायची. रोज तंटा, रोज शिव्या.

सुकन्याची सासू सत्यभामाबाई एका सकाळी म्हणाली, "आता झालं तेवढं बस. पाडवा झाला की वसमतचा व्यापारी येतो म्हणला. सगळी देऊन टाकू."

दगडोबाने ताटातली भाकर तशीच ठेवली आणि सुकन्याने ते पाहिलं.

त्या दिवशी दुपारी तिला आठवलं. गेल्या उन्हाळ्यात एक कोकरू बजरंगचं पागोटं ओढत होतं, तेव्हा तिने मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला होता. तिने तो लावला. कोकराच्या उड्या, बजरंगचं ओरडणं, पाणी उपसणाऱ्या मोटारीची घरघर, वारा. आणि शेवटी, या सगळ्याच्या पाठीमागून, दगडोबाची हाक! पुरी, वर चढलेली, परत आलेली.

पुस्तक काखेत मारून सुकन्या विहाराकडे पळत सुटली.

"शीतलताई, कंपूटर चालू कर!"

"लाईट तर येऊ द्या, वयनी. दम घ्या."

वीज आली. पुस्तकात सांगितलेली आवाजाची प्रणाली फुकट मिळते. शीतलने ती उतरवून घेतली. तिलाही त्यातलं काही येत नव्हतं. पडद्यावर चौकट उघडली आणि सुकन्या जागीच उभी राहिली. सगळं ओळखीचं! बाभळीखाली जिथे जिथे बोट ठेवलं होतं, तिथे तिथे तेच बटण. परक्या गावात उतरावं आणि प्रत्येक गल्ली आपली निघावी, तसं झालं तिला.

आवाज आत घेतला. काळ्या पट्टीवर निळ्या उभ्या रेघा उमटल्या. कुठे बारीक, कुठे फुगीर.

"अगं बाई," शीतल म्हणाली, "हे तर तुमच्या मेंढरावानी दिसून राहिलं. वळणावर गर्दी, मग रांग."

"दिसला! आवाज दिसला, ताई!" सुकन्याने टाळीच वाजवली. "ही बघ, ही मामाची हाक. कशी टेकडीवानी चढली!"

पुढचे कितीतरी दिवस तिचं हेच चाललं. दुपारच्याला बजरंग मेंढरांपाशी आणि ही पुस्तकापाशी. आधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, असं पहिल्याच धड्यात लिहिलं होतं, तिने ठेवली. कोकराचा भाग कापला. बजरंगचं ओरडणं कापलं, तेही हौसेने. मोटारीची घरघर काढायची कृती अशी होती की नुसती घरघर असलेला तुकडा निवडून प्रणालीला दाखवायचा, हा कचरा आहे म्हणून सांगायचं. मग तेवढा कचरा ती सगळीकडून वेचते. पहिल्या खेपेला हाकसुद्धा पातळ होऊन पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी झाली. माघारी आली. कमी मात्रा दिली. पुन्हा ऐकलं. घरघर गेली आणि हाक उरली!

त्यानंतर खटक्यांचा धडा होता. आवाजात मधे मधे काट्यासारख्या उभ्या बारीक रेघा दिसतात, ते खटके. ते काढले की आवाज स्वच्छ होतो. हाकेच्या अगोदर तसे दोन-तीन काटे होतेच. तिने ते उपटून टाकले. आता हाक अशी झाली, जशी धुऊन वाळत घातलेली पांढरी चादर.

तिने घरी येऊन सासऱ्याला सांगितलं, "मामा, उद्या धरणावर चला. तुमची हाक तुमीच ऐका."

दगडोबाने मान हलवली, नाही म्हणून. पण सत्यभामाबाई आतून ओरडली, "जावा की! बाज काय पळून जाती का?"

दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात बजरंगने बापाला मोटारसायकलवर आणलं. शीतल विहारातला स्पीकर घेऊन आली. कळप पाण्यावर एक झाले होते. सुकन्या उंचवट्यावर चढली. तिने बटण दाबलं.

"हुर्रऽऽ यो यो योऽऽ!"

धरणावर दगडोबाची हाक फिरली. माणसं चमकून वळली. आणि मेंढरं? मेंढरं पाणी पीत राहिली. भुरीने एक कान हलवला, माशी बसल्यावर हलवतात तसा.

तिने पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

पलीकडच्या कळपाचा रूपसिंग हसला. "पेटीतला दगडोबा! मेंढरायला बी कळतं बुवा, खरा कोण अन् खोटा कोण."

सुकन्या मटकन खाली बसली. पुस्तक उघडून पानं उलटू लागली. "यात तर असंच लिवलंय... असंच तर केलं मी."

तेवढ्यात दगडोबा तिच्याजवळ येऊन उभा राहिला. ऑपरेशननंतर तो पहिल्यांदाच मेंढरांना पाण्यावर बघत होता. त्याने भुरीकडे पाहिलं आणि सवयीने, स्वतःलाही नकळत, टाळूला जीभ लावून आवाज केला. ट्चक्. ट्चक्.

भुरीची मान वर आली. तिच्या पाठोपाठ बाकीच्यांची. जिथे जिथे दगडोबाचं मेंढरू होतं, तिथे तिथे एक डोकं पाण्यातून वर.

"मामा!" सुकन्या ओरडली. "ते खटके! मी तेच काढून टाकले की हो!"

घरात कुणालाच तो आवाज कधी ऐकू आला नव्हता, कारण तो रोजचा होता. दगडोबा हाकेआधी जीभ वाजवायचा, माणूस बोलण्याआधी श्वास घेतो तसा. माणसांना वाटायचं, हाक म्हणजे "हुर्र". मेंढरांना आधी ट्चक् हवं होतं. त्या आवाजाने मान वर करायची आणि हाकेने निघायचं. सगळ्या घराची हीच चूक होत आली होती. बजरंगही इतके दिवस बिनखटक्याची हाक देत होता.

"मामा, अजून एकदा वाजवा. बोलायला गळा लागतो, याला नुसती जीभ लागती!"

ट्चक्. ट्चक्. माना वर. सुकन्याने बटण दाबलं.

भुरी वळली. पाणी उडवत निघाली. तिच्यामागे एक, मग चार, मग धारच लागली. रूपसिंगच्या मेंढरांमधून, त्यांच्या पोटाखालून, पाठीवरून, दगडोबाची मेंढरं वाट काढत आली आणि उंचवट्याखाली येऊन दाटली. भुरीने स्पीकर हुंगला, तो सोडला आणि दगडोबाच्या धोतरात तोंड खुपसलं.

रूपसिंगने पागोटं काढून हातात घेतलं. "मी हसलो ते माघारी घेतो, सूनबाई."

"त्याचं बटण हाय पुस्तकात," सुकन्या म्हणाली आणि डोळे पुसता पुसता हसली.

दुसऱ्याच दिवशी बाजूला ठेवलेली प्रत काढून तिने खटक्यांसकट हाक पुन्हा बनवली. ती ऐकताना दगडोबा कुजबुजला, "अन् बॅटरी उतरली तर?"

त्याचं उत्तर तिने पुस्तकातच शोधलं. एक धडा होता: दोन आवाज एकाखाली एक ठेवायचे, वरचा हळूहळू उतरवायचा आणि खालचा हळूहळू चढवायचा. तिने बजरंगला विहारात बसवून खटक्यासकट हाक द्यायला लावली. जीभ वाजेना त्याची. शीतल हसून हसून बेजार. शेवटी वाजली. मग दगडोबाची हाक मोठी आणि तिच्याखाली बजरंगची बारीक, अशी पहिली फाइल झाली आणि धरणावर रोज तीच वाजू लागली. काही दिवसांनी बजरंगची थोडी मोठी. पुन्हा काही दिवसांनी दोन्ही बराबर.

"माझा आवाज बारीक करून राहिली व्हय गं?" दगडोबा स्पीकरला कान लावून कुजबुजायचा.

"सावकाश करते, मामा. कुणाला कळणार न्हाई."

"मला कळून राहिलं ना."

"तुमाला कळलं तर चालतं. भुरीला कळाया नको."

सत्यभामाबाई चुलीपासून म्हणाली, "माझाबी घाल की त्यात."

"आत्याबाई, तुमच्या आवाजाला मशीन कशाला? मेंढरं धरणावरून ऐकतात."

पाडव्याच्या आधीच सत्यभामाबाईने व्यापाऱ्याला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. त्याने कारण विचारलं. ती म्हणाली, "आमच्या सुनेचं पुस्तक अजून संपलं न्हाई."

पाडव्यानंतरच्या एका संध्याकाळी बजरंग उंचवट्यावर चढला. ट्चक्, ट्चक्. मग हाक. ती बापाएवढी उंच गेली नाही, पलीकडच्या काठावर पोचलीही नसेल. पण भुरी पाण्यातून निघाली आणि धार लागली.

दगडोबाने सुनेकडे मान वळवली. "आज माझा किती ठेवलास?"

सुकन्याने पिशवीतून स्पीकर काढून दाखवला. त्याचा दिवा बंद होता.

दगडोबाने स्पीकर तिच्याकडून घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि मेंढरं खाली दाटत असताना हळूच जीभ वाजवली. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.