चातीवरचं सूत

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. माझी बायको वैशाली मोठ्याने वाचून दाखवायची आणि मी प्रत्येकाचं 'तांत्रिक कारण' शोधून तिचा विरस करायचो. बत्तीस वर्षं मी मुलांना सुतारकाम आणि लेथ शिकवला. लाकूड फुगतं, आकसतं, कुरकुरतं, त्याचं भूत होत नाही, हे माझं वर्गातलं ठरलेलं वाक्य. हल्ली तेच मी स्वतःला सांगून बघतो.

आम्ही रत्नागिरीजवळ शिरगावला राहतो. रिटायर झाल्यावर मागच्या पडवीत छोटं वर्कशॉप थाटलंय. गेल्या दिवाळीनंतर वैशालीच्या गुहागरच्या मावशींचा फोन आला. मावशी पंच्याऐंशीच्या पुढे, पुतण्याकडे राहतात. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच त्यांचे यजमान गलबतावर गेले ते परत आले नाहीत, एवढं मला ऐकून माहीत होतं.

"जावई, माझ्या चरख्याचा एक पाय वाळवीने खाल्लान हो. तेवढा नीट करून द्या. बाकी काय ते करा, पण चातीवरच्या सुताला हात लावू नका."

मी हो म्हटलं. का, ते विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी...

जयगडच्या फेरीबोटीतून चरखा घेऊन आलो. जुना सागवानी, हातभर व्यासाचं चाक, काम एकदम सुबक. वाळवीचा पाय काढून फणसाचा नवा बसवला. जुनं वॉर्निश खरवडलं, जवसाचं तेल पाजलं, चाकावरून चातीकडे जाणारी दोरी, म्हणजे माळ, नवी वळून तिला राळ लावली. राहिली चाती, सूत गुंडाळलं जातं ती लोखंडी सळई. ती गंजलेली, वर किंचित वाकलेली. तिच्यावर मळकं, काळपट सूत, आणि त्याचं टोक अजून कापसाच्या पेळूला जोडलेलं. म्हणजे कातता कातता कोणीतरी उठून गेलं होतं.

वाकडी चाती ठेवून चरखा परत द्यायचा? माझ्या हातून तसं होणं शक्यच नव्हतं. ब्लेड घेतलं, सूत कापलं, चाती सरळ करून घासूनपुसून बसवली. मावशींना दिसतंय कुठे आता नीट, असंही मनात म्हणालो. याची मला आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेऊन पडवीत गेलो तर चाक थोडं फिरलेलं. आऱ्यांमधल्या अंतराएवढंच. चाक तोलात नसेल म्हणून तोल साधला, कडेला पेन्सिलने खूण केली. तिसऱ्या दिवशी खूण परत सरकली, सूत आत ओढायच्या दिशेने. चौथ्या दिवशी लाकडी पाचर ठोकली. पाचर खाली पडलेली मिळाली. मग मी हट्टाला पेटलो, खुर्ची टाकून समोरच बसलो. पावणेतीनला चाक माझ्या डोळ्यांदेखत सावकाश फिरलं आणि थांबलं. वारा नव्हता.

वेळा वहीत मांडल्या. रोज पाऊण-एक तास पुढे. मला हे गणित ओळखीचं वाटलं म्हणून मोबाइलवरचा भरती-ओहोटीचा तक्ता काढला. चाक बरोब्बर भरती पुरी होताना फिरत होतं. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली, आणि ती मी वैशालीला सांगितली नाही.

सांगितली नाही, कारण आमचा अमेय तेव्हा बोटीवर होता. इंजिनिअर आहे तो, मालवाहू जहाजावर. दोन दिवसांआड मेसेज टाकणारा मुलगा, आणि सहा दिवस काही नव्हतं. वैशाली उठताबसता फोन बघत होती. शेवटी सातव्या दिवशी मीच मावशींना फोन लावला आणि सूत कापल्याचं कबूल केलं.

मावशींनी कधी कापलंत ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "ह्यांचं सूत होतं ते. मंगळूरला कौलं आणायला गेलेले. आमच्या घरात रीतच होती हो... माणूस दर्यावर निघाला की बाईने सूत कातायला बसायचं आणि अर्ध्यावर सोडून उठायचं. तो परत आला की त्याने आपल्या हाताने कापायचं. म्हणजे आला."

"आणि दुसऱ्याने कापलं तर?"

"तर तिकडे कळतं, घरी बोलावलंय म्हणून. जिथे चरखा तिथे घर." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडचं कोण आहे दर्यावर?"

मी अमेयचं नाव घेतलं. मावशी म्हणाल्या, "वैशूला फोन द्या. आत्ताच्या आत्ता अमेयच्या नावाचं सूत धरूदे, म्हणजे तो आपल्या सुताने घरी येईल. उंबरा एक आणि येणारे दोन, असं होता नये."

वैशालीने शाळेत टकळी चालवली होती, तेवढ्या बळावर ती बसली. मी एरवी दहा टोमणे मारले असते. त्या दिवशी निमूट पेळू हातात दिला. हातभर सूत निघालं, ते तसंच जोडलेलं ठेवून ती उठली. हिसका बसून तुटू नये म्हणून मी माळ उतरवून ठेवली. चाती जागची हलली नाही. चाक मात्र रोज भरतीला फिरतच राहिलं.

अकराव्या दिवशी मेसेज आला. नेटवर्क नव्हतं, कॉन्ट्रॅक्ट संपलं, येतोय. वैशाली देवापुढे बसून रडली. मीही रडलो, लपवत नाही. अमेय घरी आला त्या दुपारपासून चाक फिरायचं थांबलं. वैशालीने त्याच्या हातात कात्री दिली, रीत समजावून सांगितली. तो हसला, म्हणाला, "नंतर कापतो गं."

पुढच्या रविवारी त्याला मावशींच्या पाया पडायला गुहागरला नेलं. मावशी अंगणात सुपारी वाळत घालत होत्या. लहानपणी अमेय त्यांच्या मांडीवर खेळलाय, 'अम्या' म्हणतात त्या त्याला. त्यांनी मान वर केली, त्याच्याकडे बघितलं, आणि घाईघाईने डोक्यावरून पदर घेतला.

"उशीर केलात," त्या म्हणाल्या.

अमेय पायरीवर टेकला. चपला काढून त्याने शेजारी जोडून ठेवल्या. "मंगळूर सोडलं आणि वारा पडला," तो म्हणाला.

मावशी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि गूळ घेऊन आल्या. वैशालीने माझा दंड घट्ट धरला होता. परतताना फेरीबोटीत मी अमेयला विचारलं, काय म्हणालास तू मघाशी? "मी? मी कुठे काय बोललो, बाबा?" मंगळूरचं वैशालीने त्याला सांगितलं नव्हतं, मी तिला शपथ घालून विचारलंय. मीही नाही. आणि शिडाच्या बोटीवर त्याने आजवर पाय ठेवलेला नाही.

याचं तांत्रिक कारण कोणाला सुचलं तर जरूर कळवा. कितीही फालतू असलं तरी मला चालेल.

अमेयला येऊन आता दोन महिने झाले. जेवतो, झोपतो, विचारलं तर नीट उत्तरं देतो. पडवीत मात्र पाऊल टाकत नाही. वैशाली रोज सकाळी चातीपाशी कात्री ठेवते आणि संध्याकाळी जाऊन बघते. सूत अजून तसंच आहे.